मशीहा आला की यायचा आहे? : एका जुन्या वादाची कहाणी



आजचा विषय फलकावर वाचून काही श्रोत्यांच्या कपाळाला आठी पडली असेल. कामगारांच्या सभांत बोलणारा मनुष्य मशीहावर काय बोलणार, अशी शंका येणे साहजिक आहे. आम्ही धर्मशास्त्राचे पंडित नाही. आम्हांला हिब्रू येत नाही, ग्रीकही येत नाही. जे वाचले ते कामावरून परतल्यावर, सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून. परंतु एका गोष्टीचा अनुभव आमच्या गाठीशी आहे. आमच्या आयुष्याची पंचवीसतीस वर्षे करारनाम्यांच्या कलमांवरून भांडण्यात गेली. करार एकच, कलम एकच, खाली दोन्ही पक्षांच्या सह्या. आणि तरीही मालकांचा वकील त्याचा एक अर्थ लावतो, युनियन दुसरा लावते. अशा भांडणात कोणाचा अर्थ बरोबर, एवढाच प्रश्न नसतो. वाद कोणाच्या दालनात चालला आहे, निकाल कोण देणार आणि हरणाऱ्याच्या चुलीचे पुढे काय होणार, हेही विचारावे लागते.

ख्रिस्ती लोकांच्या धर्मग्रंथाचे दोन भाग आपल्या मराठीत 'जुना करार' आणि 'नवा करार' या नावांनी ओळखले जातात. यहुदी लोक यांपैकी दुसरा भाग मानीत नाहीत. आणि पहिल्याला 'जुना' म्हणणेही त्यांना मान्य नाही. त्यांच्या दृष्टीने करार एकच, तो अजून चालू आहे, आणि त्याची मुदत संपलेली नाही. सारे भांडण या एका विशेषणात आहे. ते नीट समजून घ्यावयाचे तर आधी एक शब्द पाहिला पाहिजे, मग एक ग्रंथ, आणि शेवटी तेराव्या शतकात एका राजवाड्यात झालेला प्रत्यक्ष वादविवाद.

प्रथम शब्द. 'मशीहा' हा मूळ हिब्रू शब्द असून त्याचा अर्थ तेलाने अभिषेक झालेला, असा आहे. प्राचीन इस्राएलात राजाच्या मस्तकावर तेल ओतून त्याला गादीवर बसवीत, मुख्य याजकालाही असाच अभिषेक होई. शौल हा मशीहा होता, दावीद हाही होता. एवढेच काय, यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथात इराणचा बादशहा कोरेश यालाही देवाचा अभिषिक्त म्हटले आहे. हा कोरेश यहुदी नव्हता. पण बाबिलोनी सैन्याने ख्रिस्तपूर्व ५८६ च्या सुमारास यरुशलेमचे मंदिर पाडून लोकांना बंदिवासात नेले होते, त्यांना याने मायदेशी परतण्याची मोकळीक दिली. म्हणजे आरंभी हा शब्द एका अधिकारपदाचा होता. त्यात अलौकिक असे काही नव्हते.

पुढे दावीदाचे सिंहासन गेले ते गेलेच. ग्रीक राजे आले, त्यांच्यामागून रोमन आले. राज्य नाहीसे झाले तशी राजाची आशा वाढली. दावीदाच्या वंशातील कोणी अभिषिक्त पुरुष येईल, परक्यांचे जोखड मोडील, पांगलेल्यांना एकत्र आणील आणि जगात न्याय व शांती नांदेल, अशी ती आशा होती. तिचे स्वरूप सर्वांच्या मनात एकसारखे होते असे मात्र समजू नये. १९४७ पासून मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत जी प्राचीन हस्तलिखिते सापडली, त्यांत एक राजवंशातील व एक याजकवंशातील अशा दोन अभिषिक्तांची वाट पाहणारा एक पंथ दिसतो. येशूच्या आगेमागे यहुदी समाजात या प्रश्नावर एकमत नव्हते, हे त्यावरून स्पष्ट होते.

अशा काळात नासरेथच्या येशूला रोमन सुभेदार पिलात याने क्रुसावर चढविले. त्याचे अनुयायी सर्व यहुदी होते. त्यांच्यापुढे मोठे संकट उभे राहिले. मुक्त करणारा राजा म्हणून ज्याच्याकडे पाहिले, तोच गुन्हेगाराच्या मरणाने मेला. आता एक तर आशा सोडावी लागेल, नाही तर 'मशीहा' या शब्दाचा अर्थ नव्याने लावावा लागेल. तो मेलेल्यांतून उठला अशी त्यांची श्रद्धा बसली आणि त्यांनी दुसरा मार्ग धरला. मशीहाने दुःख भोगून मरावे हेच शास्त्रात लिहिले होते, त्याने तोडलेली बेडी रोमची नसून पापाची आहे, आणि राज्याचे जे काम उरले ते तो पुन्हा येईल तेव्हा पूर्ण होईल, असा त्यांचा सिद्धान्त ठरला. 'मशीहा' शब्दाचे ग्रीक भाषांतर 'ख्रिस्तोस'. तेच नाव पुढे धर्माला मिळाले.

उरलेल्या यहुदी समाजाने हा अर्थ स्वीकारला नाही. त्यांची कसोटी सरळ होती : काम झाले का? सन ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचे दुसरे मंदिरही जाळले. सन १३२ मध्ये बार कोखबा याने रोमविरुद्ध बंड उभारले, तेव्हा रब्बी अकिबा यांच्यासारख्या थोर गुरूने त्याला मशीहा मानले. तीन वर्षांत बंड चिरडले गेले, बार कोखबा मारला गेला, आणि तो मशीहा नव्हता हे सर्वांनी मान्य केले. बाराव्या शतकातील महापंडित मायमोनिदीस (११३८–१२०४) यांनी हीच कसोटी ग्रथित केली. मशीहा हा मनुष्य असेल, त्याने चमत्कार करून दाखविण्याची गरज नाही. तो मंदिर उभारील व पांगलेल्यांना गोळा करील तर तो खरा, आणि अपयशी झाला किंवा मारला गेला तर तो नव्हे, हे निश्चित. ख्रिस्ती मनुष्य जेथे मरणातच कार्यसिद्धी पाहतो, तेथे यहुदी मनुष्य कार्य अपुरे राहिल्याचा पुरावा पाहतो. एकाच घटनेकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी आहेत.

आता ग्रंथाकडे वळू. यहुद्यांचे शास्त्र तीन भागांचे : तोरा म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ, मग संदेष्टे, मग इतर लेख. त्यांच्या मोजणीने एकूण २४ ग्रंथ होतात. प्रॉटेस्टंट ख्रिस्ती हेच ग्रंथ सुटे करून ३९ मोजतात; कॅथॉलिक पंथ आणखी ७ धरून ४६ मानतो. मजकूर बहुतेक तोच, पण मांडणी निराळी आहे, आणि मांडणीनेही अर्थ बदलतो. छापील यहुदी शास्त्राच्या अखेरीस 'इतिहास' हा ग्रंथ येतो, आणि त्याचा शेवट कोरेशाच्या जाहीरनाम्याने होतो : ज्याला यरुशलेमास जावयाचे असेल त्याने जावे. ख्रिस्ती जुन्या कराराच्या अखेरीस मलाखी येतो. एलीया संदेष्टा पाठविला जाईल असे तो सांगतो, आणि पान उलटताच नव्या करारातील येशूचा जन्म समोर उभा राहतो. एक ग्रंथ घराकडे परत चला म्हणून संपतो, दुसरा येणाऱ्याकडे बोट दाखवून. कागद तेच, फाईल निराळी लावली आहे!

भाषेचाही प्रश्न आहे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकापासून इजिप्तमधील आलेक्झांड्रिया येथील ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांसाठी शास्त्राचे ग्रीक भाषांतर होऊ लागले. यशयाच्या सातव्या अध्यायात एक स्त्री गर्भवती होऊन पुत्र प्रसवेल, असे वचन आहे. तेथे मूळ हिब्रू शब्द 'अल्मा', म्हणजे तरुण स्त्री. ग्रीक भाषांतरकारांनी तेथे 'पार्थेनोस' म्हणजे कुमारी हा शब्द घातला. मत्तयाच्या शुभवर्तमानाने ग्रीक पाठ घेतला आणि कुमारी मरियेच्या पुत्राची ही भविष्यवाणी ठरली. यहुदी म्हणतात, मूळ शब्द पहा. संदेष्टा आपल्या काळच्या आहाज राजाला जवळच्या काळाची खूण सांगत होता. या एका शब्दावरून शतकानुशतके एकमेकांवर लबाडीचे आरोप झाले. वस्तुतः लबाडी कोणीच केली नव्हती. ग्रीक भाषांतर येशूच्या आधीचे आणि यहुद्यांनीच केलेले आहे. आणि येशूच्या आधीचीच यशयाची जी हिब्रू गुंडाळी कुमरानला मिळाली, तिच्यातही 'अल्मा' हाच शब्द आहे. दोन्ही पक्ष आपापल्या हातातील प्रत प्रामाणिकपणे वाचीत होते.

मग हे शास्त्र आले कोठून? परंपरागत यहुदी उत्तर असे की, तोरा देवाने मोशेला सीनाय पर्वताच्या काळात दिली, आणि लिखित शास्त्राबरोबर तोंडी शास्त्रही दिले. हे तोंडी शास्त्र गुरुशिष्यपरंपरेने चालत आले. सन २०० च्या सुमारास 'मिश्ना' या ग्रंथात ते संकलित झाले आणि त्यावरील चर्चेतून पुढे 'तालमूद' हा महाग्रंथ तयार झाला. लिखित वचनाचा अर्थ या परंपरेवाचून लावताच येत नाही, असे यहुदी मानतात. ख्रिस्ती उत्तर असे की, देवाच्या आत्म्याने प्रेरित होऊन अनेक माणसांनी निरनिराळ्या काळी हे ग्रंथ लिहिले, आणि त्या सर्वांची किल्ली येशू आहे. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या एका ख्रिस्ती पुढाऱ्याने यहुदी शास्त्र टाकूनच द्यावे, असा आग्रह धरला होता. ख्रिस्ती मंडळीने त्याला बहिष्कृत केले आणि शास्त्र ठेवले, कारण भविष्यवाणीचा कागदच फाडला तर ती पूर्ण झाली हे दाखविणार कशावरून? नव्या करारातील २७ ग्रंथांची आजची यादी अथानासियस या बिशपच्या सन ३६७ मधील पत्रात प्रथम नेमकी सापडते.

यहुदी परंपरा प्रश्न विचारू देत नव्हती, असे मात्र नाही. तोराच्या शेवटी मोशेच्या मृत्यूचे वर्णन आहे. मेलेला मनुष्य स्वतःचे मरण कसे लिहील? तालमूदात एक मत असे दिले आहे की, शेवटची आठ वचने यहोशवाने लिहिली. दुसरे मत असे की, मोशेनेच ती डोळ्यांतील आसवांनी लिहिली. दोन्ही मते शेजारी शेजारी जपून ठेविली आहेत. पुढे १६७० साली स्पिनोझा या यहुदी कुळात जन्मलेल्या तत्त्वज्ञाने तोरा मोशेची नव्हे, ती फार नंतर रचली गेली, असे उघड मांडले, आणि एकोणिसाव्या शतकात वेलहाउझेन या जर्मन पंडिताने तीत अनेक कालखंडांचे निरनिराळे थर दाखविले. त्याच्या सिद्धान्तात पुढे पुष्कळ फेरफार झाले. परंतु ग्रंथ अनेक हातांनी घडला, हे इतिहास-संशोधकांत आता सर्वमान्य आहे.

एवढी पार्श्वभूमी घेऊन आपण १२६३ सालच्या जुलै महिन्यात, स्पेनमधील बार्सिलोना शहरी जाऊ. आरागॉनचा राजा पहिला जेम्स सिंहासनावर बसला आहे. दरबारी सरदार, बिशप आणि डॉमिनिकन पंथाचे साधू जमले आहेत. एका बाजूस पाब्लो ख्रिस्तियानी. हा जन्माने यहुदी, पण ख्रिस्ती होऊन साधू झालेला. दुसऱ्या बाजूस गिरोना गावचे रब्बी मोशे बेन नाहमान, वय सत्तरीकडे झुकलेले, त्या काळचे अग्रगण्य यहुदी पंडित. राजाज्ञा झाली म्हणून ते आले होते. येऊ की नको, हे ठरविण्याची मुभा त्यांना नव्हती.

अशा सभेचा अर्थ समजण्यास थोडे मागे पाहावे लागते. १२४० साली पॅरिसमध्ये तालमूदवर खटला भरण्यात आला होता, आणि दोन वर्षांनी गाड्याच्या गाड्या भरून ती हस्तलिखिते चौकात जाळली गेली होती. पाब्लोने निराळी युक्ती योजली. तालमूद जाळण्याऐवजी तालमूदातूनच मशीहा येऊन गेल्याचे सिद्ध करावयाचे. आमच्या क्षेत्रात ही युक्ती चांगली परिचयाची आहे : युनियनचेच जुने पत्रक काढून युनियनला बांधून टाकणे!

रब्बी मोशे यांनी आधी एक गोष्ट मागून घेतली : बोलण्याची मोकळीक. निंदा होणार नाही एवढ्या अटीवर राजाने ती दिली. मग प्रश्न ठरले : मशीहा आला आहे की यायचा आहे, तो देव की मनुष्य, आणि खरा धर्म कोणाच्या हाती.

पाब्लोने तालमूदकालीन एक आख्यायिका पुढे केली. मंदिर पडले त्याच दिवशी मशीहा जन्मला, असे तीत सांगितले आहे. तेव्हा तो आला, हे तुमच्याच गुरूंना मान्य होते! रब्बी मोशे यांनी उत्तर दिले की, जन्मणे वेगळे आणि येणे वेगळे. मोशे जन्मला त्या दिवशी काही तो इजिप्तच्या राजापुढे उभा राहिला नव्हता. शिवाय मंदिर पडले सन ७० मध्ये, आणि येशू त्याच्या कितीतरी आधी जन्मून मरणही पावला होता. मग ही कथा त्याची कशी? पुढे त्यांनी शास्त्राची प्रतवारीच सांगितली. मूळ शास्त्र आम्हांवर बंधनकारक आहे, तालमूदातील धर्मनियमांचे विवरण बंधनकारक आहे. परंतु प्रवचनांतील आख्याने ज्याला पटतील त्याने मानावीत, न पटतील त्याने सोडावीत. आपल्याकडील भाषेत, कायदा एक, निवाडे दुसरे आणि कीर्तनातील आख्यान तिसरे. आख्यानावरून कायदा सिद्ध होत नाही.

यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातील दुःख भोगणाऱ्या सेवकाविषयीही वाद झाला. पाब्लोच्या मते तो येशू; रब्बींच्या मते सरळ अर्थाने तो सेवक म्हणजे सारी इस्राएल प्रजा.

परंतु त्यांचा सर्वांत वजनदार मुद्दा शब्दांचा नव्हता. मशीहाच्या दिवसांत लोक तलवारी मोडून नांगराचे फाळ करतील आणि युद्धविद्या शिकणार नाहीत, असे संदेष्ट्यांनी सांगितले आहे. येशूच्या काळापासून आजपर्यंत जग जुलमाने आणि लुटीने भरलेले आहे, असे ते भर दरबारात म्हणाले. आणि राजाकडे वळून त्यांनी विचारले की, महाराज, युद्ध शिकणे बंद झाले तर आपले आणि आपल्या या सरदारांचे कसे व्हावे? ज्याच्या कमरेला तलवार आहे त्याला हा प्रश्न विचारणे सोपे नव्हे.

ख्रिस्ती पक्षाचे उत्तरही दुबळे समजू नये. मनुष्याच्या आतील गुलामी तुटल्याशिवाय बाहेरची शांती टिकत नाही, ख्रिस्ताने ते मुळाचे काम केले, आणि बाहेरचे काम त्याच्या पुनरागमनाने पुरे होईल, असे त्यांचे म्हणणे. यात खोल विचार आहे. आम्ही चळवळीत पाहिले आहे की, पगार वाढला म्हणजे मनुष्य सुधारतो असे नाही. आणि हेही पाहिले आहे की, मनाच्या सुधारणेची प्रवचने पोट भरलेल्यांनाच अधिक आवडतात. रब्बी मोशे यांनी शेवटी स्वच्छ सांगितले की, आपल्यातील खरा भेद मशीहा आला की नाही हा नाही. निर्मात्याने स्त्रीच्या उदरी मनुष्य म्हणून जन्म घ्यावा व मरावे, हे आमच्या बुद्धीला पटत नाही. तेथे आपले रस्ते फुटतात.

निकाल काय लागला? लॅटिन इतिवृत्त सांगते की, रब्बी निरुत्तर झाले. हिब्रू इतिवृत्त रब्बींनी स्वतः लिहिले. ते सांगते की, राजाने त्यांची वाखाणणी केली आणि निरोप देताना तीनशे दिनार दिले. एका सभेची दोन इतिवृत्ते निघाली म्हणजे दोन्हीकडचे लोक जिंकतात, हा अनुभव काही नवा नाही.

पण सभेनंतर काय झाले ते पाहिले पाहिजे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, पाब्लोची प्रवचने यहुद्यांनी ऐकलीच पाहिजेत, असे राजाज्ञेने ठरले. १२६५ मध्ये डॉमिनिकन साधूंनी रब्बींच्या लेखी वृत्तान्ताबद्दल फिर्याद केली. बोलण्याची मुभा राजाने दिली होती, हे राजाने नाकारले नाही. तरीही वृत्तान्त जाळावा व लेखकाने दोन वर्षे देशाबाहेर राहावे, अशी शिक्षा त्याने सुचविली. फिर्यादींना तीही अपुरी वाटली आणि तक्रार पोपपर्यंत गेली. अखेर वृद्ध रब्बी स्पेन सोडून गेले आणि १२६७ मध्ये यरुशलेमला पोहोचले. तेथून मुलाला धाडलेल्या पत्रात त्यांनी लिहिले आहे की, त्या उद्ध्वस्त नगरीत त्यांना दोनच यहुदी रहिवासी आढळले, दोघे भाऊ, धंद्याने रंगारी. शब्बाथच्या दिवशी त्या रंगाऱ्यांच्या घरी प्रार्थनेला माणसे जमत. रब्बींनी एक मोडकी इमारत दुरुस्त करून तेथे प्रार्थनामंदिर उभे केले. १२७० मध्ये ते वारले. १४९२ मध्ये तर स्पेनमधून सर्वच यहुद्यांना हाकलण्यात आले.

हा वाद आपल्या कोकणच्या किनाऱ्यावरही येऊन पोहोचला, आणि येथे त्याने निराळे वळण घेतले. कुलाबा जिल्ह्यातील बेने इस्राएल लोक मराठी बोलत, तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून गावोगाव त्यांना शनिवार तेली म्हणत. सुंता, शब्बाथ आणि 'शमा' ही प्रार्थना त्यांनी जपली होती, पण हिब्रू शास्त्र त्यांच्या हाती फारसे उरले नव्हते. १८१३ साली मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनने आणि पुढे स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी त्यांच्या मुलांसाठी शाळा चालविल्या. विल्सनसाहेबांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. जुना करार आपल्या भाषेत वाचून या लोकांना नव्याची ओढ लागेल, अशी मिशनऱ्यांची आशा होती. झाले उलटे. बेने इस्राएलांनी शाळा घेतली, व्याकरण घेतले, शास्त्र घेतले; ख्रिस्ती मात्र फारच थोडे झाले. १८७४ साली पुण्यात वल्हांडणाच्या विधीचे पुस्तक हिब्रू व मराठीत छापून निघाले. आजही बेने इस्राएल घरांत मंगल प्रसंगी पोहे, गूळ व खोबऱ्याचा मलिदा करून एलीया संदेष्ट्याचे नाव घेतात. मशीहाच्या आगमनाची वर्दी देणारा तो हाच एलीया. ख्रिस्ती लोक म्हणतात की, ती वर्दी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या रूपाने येऊन गेली. अलिबागकडील मलिद्याच्या ताटाभोवती तिची अजून वाट पाहिली जाते.

बार्सिलोना आणि कुलाबा यांत फरक कोठे पडला? मिशनरी पाब्लोइतकेच धर्मनिष्ठ होते आणि राज्यही ख्रिस्ती लोकांचेच होते. परंतु येथे हरणाऱ्याला गाव सोडावे लागत नव्हते, प्रवचन ऐकण्याची सक्ती नव्हती, आणि ग्रंथ ज्याच्या त्याच्या हाती ठेवून अर्थ लावण्याचे काम त्याच्यावर सोडले होते. म्हणून भांडणाने येथे ज्ञान वाढले, कोणाचे घर मोडले नाही.

रोमन कॅथॉलिक धर्मपीठाला हे उमजण्यास फार काळ लागला. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केले की, येशूच्या मृत्यूचा दोष त्या वेळच्या सरसकट सर्व यहुद्यांवर, किंवा आजच्या यहुद्यांवर ठेवता येणार नाही. त्याआधी युरोपात साठ लाख यहुदी मारले गेले होते. मशीहाविषयीचा मतभेद या ठरावाने मिटला नाही. तो मिटण्याची गरजही नाही. यहुदी मनुष्य जगाकडे बोट दाखवून काम अपुरे आहे म्हणतो, आणि ख्रिस्ती मनुष्य क्रुसाकडे बोट दाखवून पाया घातला गेला आहे म्हणतो. तलवारीचे नांगर अजून झालेले नाहीत, हे मात्र दोघांनाही दिसते. आणि ते काम हाती घेण्यास या वादाच्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.